फाट्यावरची झोप

बसा जरा इकडं. एका झोपेची गोष्ट सांगतो. झोपेत काय सांगण्यासारखं असतं, असं म्हणाल. पण ऐका तर.

पार उत्तरेला, जिथं झाडं संपतात आणि नुसते दगड आणि शेवाळ उरतं, तिथं एका फाट्यावर मोटरसायकल लावून एक माणूस उभा होता. डावीकडचा रस्ता बोटीच्या धक्क्याकडं. उजवीकडचा कुठं जातो ते देवाला ठाऊक. त्यांच्या पाच मोटरसायकलींच्या टोळीचा नियम असा, की फाटा आला की पुढून दुसरा असेल त्यानं थांबायचं, मागच्यांना हात करून वळवायचं, आणि शेवटची गाडी आल्याशिवाय जागा सोडायची नाही. टोळीचा कॅप्टन पुढं निघून गेला होता. मागून दोघं साडू गेले, चालत्या गाडीवरून एकमेकांशी भांडत. आता यायची राहिली होती ताई. ताई ड्रायव्हिंग स्कूल चालवते, त्यामुळं पाटीवर लिहिलेल्या वेगाच्या पुढं काडीभर जात नाही.

फाट्यावरचा माणूस ताईचा धाकटा भाऊ. कारखान्यात बॉयलरवर रात्रपाळी करायचा, म्हणून सगळे त्याला बॉयलरच म्हणत. कारखाना बंद पडला आणि याची झोप उडाली. गोळ्या झाल्या, डोक्याला तेलं झाली. काही नाही. डोळे लालभडक. सकाळी सरळसोट रस्त्यावर त्याची गाडी आपोआप खाली उतरली होती. कॅप्टन म्हणाला होता, "आज दगडात गेलास. उद्या समुद्रात जाशील."

ताई आली तेव्हा तो पुढच्या चाकाला पाठ टेकून खाली बसला होता. मान कलंडलेली, तोंड उघडं. गाडी तशीच चालू ठेवून ती धावली. जवळ गेली तर काय, घोरत होता! लहानपणी याच घोरण्यापायी तिनं त्याला उशा फेकून मारल्या होत्या. आज ती तिथंच, रस्त्याच्या मधोमध, ऐकत उभी राहिली.

त्याची गाडी चालूच होती. ताईनं आपली बंद केली. मग पोराला पाळण्यात ठेवतात तसं, अगदी जपून, त्याच्या गाडीची किल्ली फिरवली.

तो ताडकन उठून बसला. "प्रेशर बघा! प्रेशर गेलं!"

डोळे उघडे, पण ताई काही त्याला दिसत नव्हती. तिनं घाईघाईनं किल्ली फिरवून बटण दाबलं. धडधड सुरू झाली. त्याची मान पुन्हा खाली गेली.

थोड्या वेळानं कॅप्टन तणतणत परत आला. मागं दोघं साडू.

"अगं, बोट लागलीय धक्क्याला! आणि हे काय, पंगत बसलीय का इथं?"

"ओरड, खुशाल ओरड," ताई म्हणाली. "त्याला काही होत नाही. गाडी तेवढी बंद करू नकोस."

"म्हणजे?"

"आवाज गेला की उठतो. इतकी वर्षं आवाज गेला म्हणजे बॉयलर बिघडला. शांततेत कसा झोपेल रे तो?"

थोरला साडू म्हणाला, "माझं उलटं आहे. हा गप्प बसला की मला झोप लागते."

"मग तुला आयुष्यात झोप नाही," धाकटा म्हणाला.

उभ्या उभ्या इंजिन तापायला लागलं, वास सुटला. तेव्हा ताईनं आधी आपली गाडी चालू केली आणि मग त्याची बंद केली. तो हलला नाही. ताईची तापली तेव्हा थोरल्या साडूची. मग धाकट्याची. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. सगळे शेवाळावर आडवे झाले. सूर्य तिकडं मावळत नाही, डोंगराच्या कडेकडेनं फिरत राहतो. सावल्याही त्यांच्या भोवतीनं फिरत राहिल्या, आणि वेळ आहे की नाही तेच कळेना.

कॅप्टन एकटा उभा होता. त्याचं सलून आहे. आरशाच्या कोपऱ्यात त्यानं एक चित्र चिकटवलंय, जमीन संपते त्या टोकाचं. गिऱ्हाइकांच्या दाढ्या करता करता त्याच्याकडं बघत आलाय. ते टोक पाण्यापलीकडं. पेट्रोल पंपही पाण्यापलीकडं. आणि बोट आठवड्यातून एकदा.

खालून बोटीचा भोंगा झाला. लांबलचक.

"तू जा," ताई म्हणाली. "खरंच जा. आम्ही आहोत."

कॅप्टननं हेल्मेट घातलं. तेवढ्यात धाकट्या साडूची गाडी खोकली, दोन आचके दिले आणि बंद पडली. टाकी कोरडी. आळीपाळीनं चालवून बाकीच्यांच्याही आटल्या होत्या. दगडांवर एकदम शांतता पसरली. बॉयलरच्या पापण्या थरथरल्या, ओठ हलायला लागले.

कॅप्टननं गाडी चालू केली. तशीच उभी ठेवली. हेल्मेट काढून शेवाळावर ठेवलं आणि त्याच्या शेजारी बसला.

खाली बोट धक्क्यापासून सुटली. बराच वेळ दिसत होती, मग पाणी आणि आभाळ एक झालं तिथं विरघळून गेली.

"हा उठल्यावर बोट गेली म्हणून सांगायचं नाही," कॅप्टन म्हणाला. "आलीच नाही म्हणायचं."

साडू दोघंही झोपले होते, एकमेकांच्या खांद्यावर. ताईचीही मान पडत होती. कॅप्टननं वाकून टाकीचं झाकण उघडलं, आत बघितलं, आणि हळूच लावून टाकलं.

तर तुम्ही कधी त्या बाजूला निघालात, तर धक्क्याच्या अलीकडं तो फाटा लागतो. धडधड लांबूनच ऐकू येईल. एवढं करा, येताना टाकी भरून या.