लाल माठाच्या दोन जुड्या

जुडी अजून बांधलेलीच होती.

दर्शनाने ती खताच्या ड्रममधून दोन बोटांनी वर उचलली. चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, आंबलेलं वरण, आणि त्यात लडबडलेला लाल माठ. मुळांची मातीसुद्धा तशीच. देठांभोवती तिच्याच जुन्या ओढणीची पोपटी चिंधी, तिनेच काल संध्याकाळी मारलेल्या गाठीसकट. गाठ सोडून बघण्याएवढेही कष्ट कोणी घेतले नव्हते.

मुलुंडच्या या सोसायटीच्या गच्चीवर दर्शना रंगाच्या रिकाम्या डब्यांत आणि थर्माकोलच्या खोक्यांत पालेभाज्या लावते. खत घरचंच, म्हणजे मजल्यावरच्या चार घरांच्या ओल्या कचऱ्याचं. सीताराम झाडूवाला रविवारी सकाळी तो एकत्र करून ड्रममध्ये ओततो आणि दर्शना त्यात हात घालून प्लास्टिक वेचते. अळ्या वळवळतात, वास केसांत बसतो. तिला काही वाटत नाही. आठवडाभर लॅबमध्ये लोकांची थुंकी आणि लघवी तपासणाऱ्या बाईला कसली आलीय किळस.

आज मात्र तिने जुडी अंगापासून लांब धरली.

भाजी निघाली की ती शेजारी जुड्या देते. लोकांना ती हौस वाटते. खरं तर ती परीक्षा होती. दर्शनाची आई एका सरकारी कचेरीत होती. दुपारी डबे उघडायचे, सगळ्यांच्या भाज्या सगळीकडे फिरायच्या. बौद्ध बाईचा डबा मात्र भरलेला जाई तसा घरी येई. रात्री आई तीच भाजी गरम करून मुलांना वाढायची आणि म्हणायची, आज कोणाला भूकच नव्हती. तीस वर्षं त्या कचेरीत कोणाला भूक लागली नाही. आपल्या हातचं लोक खातात, एवढंच दर्शनाला एकदा बघायचं होतं.

काल माठाच्या दोनच जुड्या झाल्या. एक रेवतीला दिली, एक समोरच्या उत्तराकाकूंना.

मग यात शोधायचं ते काय? रेवती तिची मैत्रीण. गच्चीची परवानगी मिळावी म्हणून सोसायटीच्या सभेत भर माणसांत भांडली होती ती. तिनेच तर दर्शनाला सावध केलं होतं. "काकू तुझी जुडी हातात तरी घेतात का गं? कडीला अडकव म्हणतात ना? समजून जा. मला तर असल्या लोकांची शिसारी येते."

आणि खोटं काय होतं त्यात? काकूंनी पहिल्याच वेळी बजावलं होतं, बेल वाजवायची नाही, पिशवी कडीला अडकवायची आणि जायचं. आठ महिने दर्शना मुकाट्याने अडकवत होती. आठ महिने ती मनातल्या मनात या म्हातारीला शिव्या घालत होती.

ती जुडी घेऊन तशीच जिना उतरली. हात धुतले नाहीत. काकूंच्या बेलवर बोट ठेवलं ते उचललंच नाही.

आत काहीतरी खणखणत पडलं. दार उघडलं.

"किती वेळा सांगितलं तुला बेल नको म्हणून?" काकूंचा आवाज कापत होता. "हे दचकतात. बघ, ताटली उडाली."

आत खुर्चीत अण्णा होते, काकूंचे यजमान. अर्धांगाचा झटका आल्यापासून ते कोणाला दिसले नव्हते. हनुवटीवरून एक लाल ओघळ सदऱ्यावर उतरला होता. दर्शनाला क्षणभर रक्तच वाटलं. मग फरशीवर सांडलेला मऊ भात दिसला, भाजीत कालवून गुलाबी झालेला. काकूंची बोटंही लाल होती.

"तुझाच माठ," काकू म्हणाल्या. राग एव्हाना उतरला होता. "बाजारचा थुंकून टाकतात. तुझा असला की चार घास जास्त जातात. पुढच्या वेळी जरा जास्त देशील का गं? मागायला लाज वाटते."

दर्शनाने जुडीचा हात पाठीमागे नेला.

"देईन, काकू," एवढंच ती कसंबसं म्हणाली. तिला स्वतःची किळस आली. अण्णांच्या लाळेची नाही, फरशीवरच्या भाताची नाही. स्वतःची.

दार लागलं. दर्शना पॅसेजमध्ये तशीच उभी राहिली. जुड्या दोन होत्या. एक अण्णांच्या पोटात गेली होती. आणि रेवती गेल्या दोन वर्षांत तिच्याकडे कितीदा तरी येऊन बसली होती. दर वेळी ती आत्ताच जेवून आलेली असे.

शेजारचं दार उघडलं आणि रेवती बाहेर आली.

"अगं, इथे काय करतेस?" तिने नेहमीसारखा दर्शनाच्या खांद्यावर हात टाकला. "कालचा माठ कसला झकास झाला होता यार. आमच्या पोराने पातेलं पुसून खाल्लं."

हात मऊ होता. त्याला साबणाचा छान वास येत होता. यापेक्षा ड्रममधल्या अळ्या परवडल्या, असं दर्शनाला वाटलं.

रेवतीने काकूंच्या बंद दाराकडे डोळ्यांनी खूण केली आणि आवाज खाली आणला.

"यांनी मात्र टाकला असणार बघ कचऱ्यात."

दर्शनाने पाठीमागचा हात पुढे केला.