हजेरीतलं नाव

"मला शाल पांघरायला आपल्या म्हशीला येऊ द्या की!" सत्काराला बोलावलेले सर माइकवरून म्हणाले, आणि दहावीची जुनी बॅच खदखदून हसली.

पण पहिल्या रांगेत शाल मांडीवर घेऊन बसलेली सुलक्षणा जागची हलली नाही. गणित चुकलं म्हणून सरांनी सातवीत ठेवलेलं ते नाव तिच्या लग्नाच्या मांडवापर्यंत पोचलं होतं.

"आई, म्हैस कोण?" शेजारी बसलेल्या लेकीनं विचारलं.

"रागावलीस? अगं, छडीनं हात सुजवले तेव्हा तर रागावली नव्हतीस!" सर म्हणाले.

"सूज दोन दिवसांत उतरली, सर. तीस वर्षं झाली, हे नाव अजून चिकटलंय. खऱ्या नावानं बोलवा, लगेच येते."

सर चाचरले. खरं नाव त्यांना आठवेना. कुणीतरी त्यांच्या कानाशी वाकलं, तशी ती म्हणाली, "सांगायचं नाही कुणी!"

सरांनी डोळे मिटले आणि वर्गातल्यासारखी हजेरी पुटपुटायला सुरुवात केली. अत्तार... केंद्रे... कोळेकर... सतराव्या नावाशी ते थांबले.

"खोत सुलक्षणा?"

"हजर, सर," म्हणत ती शाल घेऊन उठली.