पंचाचं मानधन

अंजूरच्या कबड्डी स्पर्धेला पंच नेहमी तिसऱ्याच गावचा आणायचे, म्हणजे मागाहून भांडण नको. या वर्षी शेलार गावच्या तुळशीरामला बोलावलं होतं. कापडाच्या लूमवरची शिफ्ट बुडवून तो आला होता. मानधन दीडशे रुपये, वर एक नारळ.

सेमीफायनलच्या शेवटच्या चढाईत अंजूरच्या पोराला पाच जणांनी खाली दाबलं. तरी त्याने हात ताणला आणि बोटं मधल्या रेषेला टेकवली. तुळशीरामने ते डोळ्यांनी पाहिलं, शिट्टी फुंकली, पॉइंट दिले. अंजूर जिंकलं.

सामना संपल्यावर स्पर्धा भरवणाऱ्या अंजूरच्याच मनोजशेठने त्याच्या हातात पाकीट कोंबलं. आत पाचशे रुपये निघाले.

"शेठ, बोटं खरंच टेकली होती हो," तुळशीराम कळवळून म्हणाला.

"मी कुठं न्हाय म्हनतो?" मनोजशेठने डोळा मिचकावला. "उद्या फायनलला बी तुमीच."

घरी नोटा पाहून बायकोचा, हौसाचा, चेहरा उजळला. "एका शिट्टीचं इतकं भेटतंय, तर त्या लूमवर कशाला मरताय?"

तुळशीरामला जेवण गेलं नाही. पैसे परत करायचे असं पक्कं ठरवून, पाकीट खिशात घालूनच तो दुसऱ्या दिवशी मैदानात उतरला. आणि शेवटच्या चढाईला तेच पोरगं पुन्हा रेषेजवळ आडवं झालं.



रेषेकडे नजर जायच्या आधीच तुळशीरामची शिट्टी वाजली आणि हात अंजूरच्या बाजूला उठला.