चूक दाखवली की

दर रविवारी दुपारी आम्ही डहाणूच्या आमच्या घरी सुपरहिरोच्या मालिकेचा नवा भाग लावतो. माझा भाऊ शैलेश आणि जवळच्या वेवजी गावची माझी मैत्रीण भाविका त्यातल्या चुका शोधतात आणि मनसोक्त हसतात.

“अरे, पूल पडला ना? मग हिरोची मावशी पार्टीला आली कशी? पोहत?” शैलेश म्हणाला. भाविका हसून हसून सोफ्यावर आडवी झाली.

खात्री करायला मी प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला. पार्टीत मावशी नव्हती. केक कापताना कुणी तिचं नावही घेतलं नाही.

“आपणच नीट पाहिलं नसेल,” शैलेश म्हणाला. “पण हा ड्रायव्हर? हा तर मागच्या भागात मेला!”

मी पुन्हा मागे नेलं. गाडी तशीच हायवेवरून धावत होती. ड्रायव्हरच्या जागी कुणी नव्हतं.

“भारी! आपण चूक दाखवली की माणूस गायब,” भाविका टाळ्या पिटत म्हणाली. “आता व्हिलनची चूक शोधा रे!”

तेवढ्यात माझा फोन वाजला. भाविकाचा मेसेज होता. ‘सॉरी गं, आज जमणार नाही. सकाळपासून तापाने घरीच पडून आहे.’

भाविका माझ्या शेजारी चिकू खात होती. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता.

शैलेशने वाकून मेसेज वाचला आणि त्याला हसू फुटलं. “काय गं भाविका, तू तर...”

मी त्याच्या तोंडावर हात घट्ट दाबला.

“मी तर काय?” भाविकाने हसत विचारलं.