चालू मशीन

पोटात कळ आली तेव्हा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये नटूभाई मास्तरने सुनावलं होतं, "ए उख्या, चालू मशीन सोडून हलायचं नाही!" उखा पाळी संपेपर्यंत हलला नाही. अपेंडिक्सला मात्र शिस्त नव्हती, ते फुटलं.

ऑपरेशनची जखम दीड महिन्यानंतरही भरेना, म्हणून डॉक्टरांनी आतलं पाणी ओढून घेणारं मशीन नळीने पोटाला जोडून दिलं. ते दिवसभर घुरघुरायचं.

आज मास्तर शहाळं घेऊन घरी हजर. मोरपंखी कापडाच्या रंगाची शेड बिघडली होती, आणि ती उखाशिवाय कुणाला जमत नव्हती.

"उखाभाऊ, तासभर चला. रिक्षा आणलीय. माझी नोकरी जाईल हो!"

उखाने मशीनकडे बोट दाखवलं. "चालू आहे, मास्तर. सोडून कसं हलणार?"

मास्तर मान खाली घालून गेला. चंद्रभागा नवऱ्यावर चिडली. "अहो, खांद्याला अडकवून खुशाल फिरा, असं नर्सनेच सांगितलंय ना?"

"मला सांगितलंय. मास्तरला कुठे?"

उखाने मशीन खांद्याला अडकवलं आणि तो मिलच्या गेटसमोरच्या टपरीवर चहा प्यायला निघाला.