बेंजो-ढोलकीचा अबोला

"काशीकाका तुमची वाट बघतायत," ओमकार म्हणाला. "आजच चला. उद्यावर टाकू नका."

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका काजू कारखान्याच्या गेटवर विठूकाका वॉचमनच्या खुर्चीत बसले होते. ते उठले, आत जाऊन साहेबांना सांगून आले आणि काही न विचारता ओमकारच्या स्कूटरवर मागे बसले.

ओमकारला हायसं वाटलं. ते नाही म्हणतील, अशी त्याने मनाची तयारी केली होती.

काशीराम बेंजो वाजवायचे आणि विठू ढोलकी. ओमकारच्या वडिलांनी काढलेल्या बेंजो पार्टीत दोघं एकोणीस वर्षं शेजारी बसून वाजवत होते. एकोणीस वर्षांत त्यांना एकमेकांशी बोलताना कुणी पाहिलं नव्हतं. टेम्पोत एक पुढे, एक मागे. जेवायला बसले की पंगतीची दोन टोकं.

कारणं लोकांनी शोधली होती. कुणी म्हणायचं, काशीरामच्या बहिणीचं विठूशी ठरत आलेलं लग्न मोडलं. कुणी म्हणायचं, एका शिमग्यात मानावरून वाजलं. पार्टीतला प्रत्येक जण वेगळं सांगायचा आणि खात्रीने सांगायचा.

वाजवायला बसले की मात्र बघत राहावं. गुहागरला एका हळदीत गाण्याच्या मध्येच वीज गेली. बेंजोचा आवाज बंद. विठूकाकांनी ढोलकी थांबवली नाही, बोटांनी हळूहळू ठेका धरून ठेवला. चार-पाच मिनिटांनी दिवे आले, स्पीकर खरखरला आणि बेंजो नेमका ठेक्यावर, पुढच्या कडव्यात होता. काशीकाका त्या गलबल्यात, अंधारात, न ऐकू येणाऱ्या तारांवर वाजवतच राहिले होते.

"एवढं जुळतं, मग बोलत का नाहीत?" ओमकारने तेव्हा वडिलांना विचारलं होतं.

"तू त्यांच्या मध्ये पडू नकोस," वडील एवढंच म्हणाले होते.

वडील गेले, पार्टी ओमकारकडे आली. एका दसऱ्याला त्याने दोघांना मुद्दाम समोरासमोर उभं केलं आणि हातात आपट्याची पानं दिली. दोघांनी एकमेकांना सोनं दिलं, हात जोडले आणि आपापल्या वाटेने गेले. तोंडातून शब्द नाही. इतकी वर्षं मनात अढी ठेवून ही माणसं जगतात तरी कशी, असं त्याला वाटलं.

दोन वर्षांपूर्वी कामं वाढली तेव्हा त्याने पार्टीचे दोन संच केले. एकात काशीकाका, दुसऱ्यात विठूकाका. आता म्हातारपणी तरी त्यांना एकमेकांचं तोंड बघायला लावू नये.

"बरं," काशीकाका म्हणाले होते.

"तू सांगशील तसं," विठूकाका म्हणाले होते.

पण दोन्ही संच बसलेच नाहीत. काशीकाकांसोबत ढोलकीवर बसलेला सागर हाताने चांगला होता, तरी काशीकाका मध्येच अडायचे आणि त्याच्याकडे बघत राहायचे. मंडणगडच्या ज्या घरांतून दरवर्षी आमंत्रण यायचं, तिथून ते आलं नाही. विठूकाकांनी वाजवणं कमी करत करत वॉचमनची नोकरी धरली. मग काशीकाकांची फुप्फुसं बिघडली.

इस्पितळाच्या दारात मथुराकाकू उभ्या होत्या. काशीकाकांच्या पत्नी.

"सकाळपासून काय खाल्लानी नाय," त्या म्हणाल्या. "फक्त विठू, विठू करतायत."

माफी मागायची असेल, ओमकारच्या मनात आलं. किंवा द्यायची असेल.

काशीकाका डोळे मिटून पडले होते. विठूकाकांनी स्टूल ओढलं आणि खाटेजवळ बसले. काशीकाकांनी डोळे उघडले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

ओमकार वाकला. "विठूकाका, बोला ना काहीतरी. आता तरी."

विठूकाकांनी बोटं खाटेच्या लोखंडी कडेवर ठेवली. हलका ठेका सुरू झाला, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला त्रास होणार नाही इतका हलका. काशीकाकांच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर हलू लागली. एक बोट दाबलं जायचं, दुसरं उठायचं. कुठलं गाणं ते ओमकारला कळत नव्हतं. त्या दोघांना कळत होतं.

बराच वेळ ते चाललं. मग विठूकाकांची बोटं थांबली आणि त्याच क्षणी काशीकाकांचीही. काशीकाका हसले आणि वळून झोपले.

मथुराकाकूंनी पदर तोंडाला लावला. विठूकाका उठले, त्यांना हात जोडले आणि निघाले.

परतीच्या वाटेवर ओमकारला राग आला होता. मरणाच्या दारातल्या माणसाशी एक शब्द बोलता येऊ नये?

तिसऱ्या दिवशी काशीकाका गेले.

सगळं उरकल्यावर माणसं पांगली. विठूकाका स्मशानाच्या बाहेर एका चिऱ्यावर बसून राहिले होते. डोळे कोरडे, हात मांडीवर निश्चल. ओमकार त्यांच्या शेजारी जाऊन बसला. त्याचा राग आता उतरला होता.

"काका, आता तरी सांगा," तो म्हणाला. "तुमचं भांडण होतं तरी कशावरून?"

विठूकाकांनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

"भांडण? कुणाचं?" ते म्हणाले. "आम्ही बोलायचं ते वाजवताना बोलून व्हायचं. मी दोन वर्षं रोज विचार करतोय ओमकार, की आमच्या दोघांच्या हातून तुझं असं काय वाकडं झालं, म्हणून तू आम्हांला तोडलंस."