एकदम बरी

“एकदम बरी आहे, डॉक्टर. नवी गोळी सुरू झाल्यापासून फेफऱ्याचा एकही झटका नाही,” भूषण म्हणाला.

डॉक्टर खूश झाले. तीच गोळी पुढे लिहायला त्यांनी पेन उचललं. भूषणची बायको कोकिळा शेजारी मान खाली घालून बसली होती, मागे तिची सासू सुंदरबाई. तिघं सकाळीच दोंडाईच्याहून धुळ्याला आली होती.

“मी बरी नाही,” कोकिळा म्हणाली.

भूषण हसला. “हल्ली ती असंच बोलते.”

“हल्ली मी बोलतच नाही. आज बोलतेय, तर बोलू द्या.”

तिनं सगळं सांगितलं. पूर्वी लग्नघरी मांडे करायला तिला लांबलांबून बोलावणं यायचं. आता लेकीची वेणी घालतानाही हात गळायचे. सकाळी रडू यायचं, जाग का आली म्हणून. सासू आळशी म्हणायची. तिलाही ते खरं वाटायचं.

“मरणाचे विचार येतात?” डॉक्टरांनी हळूच विचारलं.

“येतात.”

भूषणचं हसू मावळलं.

“काही जणांना या औषधानं असं होतं. हा तुमचा आळस नाही, गोळीचा परिणाम आहे,” डॉक्टर म्हणाले. “पण एकदम बंद करायची नाही. ही हळूहळू कमी करू, दुसरी वाढवू. मधे एखादा झटका येऊ शकतो.”

“मग नकोच!” भूषण घाबरला. “आहे तीच राहू द्या.”

“गोळी मी खाते,” कोकिळा म्हणाली. “बदला, डॉक्टर.”

सुंदरबाई आता कुठे बोलली. “झटका उना तं मी धरसू तिले.”

“धरायचं नाही, अक्का. कुशीवर वळवायचं.”

गोळी बदलली. कोकिळा हळूहळू हसू लागली, भांडूही लागली. आणि उन्हाळ्यात एका दुपारी अंगणातच झटका आला. सुंदरबाईनं तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली लुगड्याची घडी सारली. शेजारणी कांदा घेऊन धावल्या. तिनं त्यांना जवळ फिरकू दिलं नाही.

बऱ्याच वेळानं कोकिळा उठून बसली. भूषण रडकुंडीला आला होता.

“मी सांगेल व्हतं ना! उना ना झटका?”

कोकिळानं पदरानं तोंड पुसलं.

“उना,” ती म्हणाली. “आन् गया बी.”